आडव्या सागाचं छप्पर

वादळात साग पडला आणि पडला तो नेमका धाकू माळ्याच्या घरावर! आढं मोडलं, वासे मोडले, कौलांचा चुरा झाला. धाकू आणि त्याची बायको आवडी गोठ्यात होती म्हणून वाचली. साग मात्र घरात आरामात आडवा. बुंधा ओसरीवर, शेंडा पार मागच्या न्हाणीत.

वेळूगडच्या राज्यात अशा वेळेसाठी सोय होती. दर साली घरटी एक पायली भात सरकारी वादळकोठारात घालायचं. वादळानं घर मोडलं की कोठाराकडे मागणं करायचं आणि कोठारानं कौलं-वासे द्यायचे. ऐकायला किती गोड! पण या सोयीला एक शेपूट होतं. ज्यानं मागितलं, त्याची पायली पुढच्या सालापासून दुप्पट. तीही कायमची! म्हणून लोक मुकाट पायली घालत आणि मुकाट गळक्या घरात बसत.

"मागूया," धाकू म्हणाला.

"मागा," आवडी म्हणाली.

"पण दुप्पट भात आणायचं कुठून? नको मागायला."

"नका मागू."

"अगं, मग पावसात राहायचं कुठं?"

"अहो, तुमचं एकदाचं ठरलं की हाक मारा. तोवर मी चुलीवरची फांदी तोडते."

तिनं कोयता उचलला, तोच दारात कारभारी त्र्यंबकपंत उभे! दार तेवढं शाबूत राहिलं होतं.

"खबरदार! राज्यातला प्रत्येक साग सरकारचा असतो, ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे की. म्हणूनच म्हणते, घेऊन जा तुमचा साग!"

नेतात कुठले! राजा सुभानराव नवं गलबत बांधत होता आणि डोलकाठीसाठी सरळ लाकूड काही मिळत नव्हतं. बातमी कळताच तो स्वतः धावत आला. मोडक्या घराकडे त्यानं बघितलंही नाही. सागावरून मात्र असा हात फिरवला, जसं काही पहिलं नातवंड!

"हा मला अख्खा हवा! याला कुऱ्हाड लावायची नाही. चिखलात गाडे रुततील, तेव्हा दिवाळीपर्यंत हलवायचाही नाही. आणि पावसाचा थेंब लागता कामा नये. सावलीत वाळला पाहिजे! राखण तुमच्याकडे. भिजला, तर ही जागा सोडून चालतं व्हायचं!"

"सरकार, पण वर छप्पर नाही," धाकू चाचरत म्हणाला.

"ते तुझं तू बघ!"

कारभारी मिशीत हसले. "कोठाराकडे मागणं कर की, बाई."

"आणि दुप्पट पायली?"

"ती तर आलीच."

"म्हणजे मागितलं तर उपाशी आणि नाही मागितलं तर बेघर! कारभारी, हा नियम घरी बायकोला सांगितलात का कधी? जेवायला वाढते ना अजून?"

राजाला गंमत वाटली. "उद्या सकाळी दरबारात येऊन सांग, मागणार की नाही मागणार. तिसरं उत्तर चालणार नाही!"

सकाळी आवडी दरबारात हजर. मागे धाकू, तोंड एवढंसं.

"काय ठरलं?" राजानं विचारलं.

"नाही मागणार, सरकार."

धाकूनं कपाळाला हात लावला.

"मग साग भिजेल!"

"भिजेल की. आभाळ बघा कसं भरून आलंय. जेवणवेळेआधीच भिजेल."

"मग तुम्हाला हाकलीन!"

"हाकला. आम्ही माझ्या भावाकडे जाऊ. यांचं आणि त्याचं पटत नाही, पण चार दिवस तोंड मिटून राहतील. मी काय म्हणते सरकार, आम्हाला हाकललंत म्हणून तुमची डोलकाठी वाळेल का?"

राजा गडबडला. बाहेर गडगडलं. तो खिडकीशी गेला, आभाळ बघून आणखीच गडबडला.

"कारभारी! सागावर छप्पर घाला! आत्ताच्या आत्ता!"

"घालतो सरकार," कारभारी घाईनं म्हणाले. "पण सागापुरतंच. बाकी घर उघडं."

"घाला की सागापुरतं," आवडी म्हणाली. "बुंधा ओसरीवर आहे, मधलं अंग माजघरात आणि शेंडा न्हाणीत. यातला कुठला तुकडा भिजवायचा, तेवढं सरकारांना विचारून घ्या!"

"एकही नाही!" राजा ओरडला. "सगळ्या घरावर छप्पर घाला! कोठारातून कौलं काढा, वासे काढा!"

आवडीनं पदर खोचला. "ऐकलंत ना, मंडळी? मागणं सरकारांनी केलं. मी नाही! कारभारी, आता वाड्याची पायली दुप्पट. कायमची!"

राजा खिडकीतून गर्रकन वळला.

"माझी? मीसुद्धा पायली घालतो?"

"पहिली पायली मानाची, सरकार. ती वाड्याचीच असते," कारभारी जमिनीकडे बघत पुटपुटले.

"पण एकदा मागितलं म्हणून कायमची दुप्पट? हा कसला नियम! वादळ काय मी बोलावलं होतं?"

"मग आम्ही तरी कुठं अक्षता पाठवल्या होत्या, सरकार?"

 राजा असा हसला, असा हसला की पगडी कानावर आली! हसता हसताच त्यानं तो नियम मोडीत काढला. आवडीची पायली जन्मभर माफ केली आणि छप्पर कायमचं तिलाच दिलं.

"दिवाळीनंतर साग न्यायला येतो हं," डोळे पुसत तो म्हणाला.

"या की! पण तो बाहेर काढताना आमची भिंत पडणार. तेव्हाचं मागणं कोणाच्या नावावर, ते आजच ठरवून ठेवा!"

राजाला हसू आवरेना. त्यानं मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि आवडीच्या हातात घातलं. "माझ्याच नावावर, बाई! माझ्याच!"