लवंगी बरणीत मुरली
फार वर्षांमागे एक लवंगी मिरची तोडताना चिरली. ती वाळवणात टिकणार नव्हती, म्हणून सुंद्राक्कांनी तिला तशाच चिरलेल्या मिरच्यांसोबत मिठाच्या पाण्याच्या बरणीत टाकलं.

चार दिवसांत तिच्याभोवती बुडबुडे उठले, आंबूस वास सुटला. लवंगी घाबरली. "बरणीबाई, मी सडतेय! मला बाहेर काढा."

"सडत नाहीस गं, मुरते आहेस," बरणी म्हणाली. "मीठ आहे सोबतीला. थोडी कळ काढ."

लवंगीने जीव मुठीत धरून दोन महिने काढले. मग सुंद्राक्कांनी तिला वाटलं, गाळलं आणि लालभडक सॉस बाटलीत भरला.

आजारपणाने त्यांच्या सासऱ्यांच्या तोंडाची चव गेली होती. सुंद्राक्कांनी त्यांच्या कण्यांवर दोन थेंब सोडले. लवंगी बाटलीतून बघत राहिली. म्हातारबुवांनी मिटक्या मारल्या, डोळे पुसले आणि ताटली पुढे केली.

"सूनबाई, अजून वाढ."