अप्पासाहेबांचे साप आणि हैबतीचं डोकं

एका गावात एक भोळा गडी होता. नाव हैबती. नाव एवढं दणदणीत, पण त्याला बघून कोंबडीसुद्धा वाट सोडत नसे. सांगितलेलं सगळं तो ध्यानात ठेवी, हीच खरी पंचाईत. विसरभोळा असता तर गाव सुखात राहिलं असतं.

सहा महिन्यांत त्यानं सात नोकऱ्या घालवल्या, तेव्हा त्याची बायको शेवंता माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "एका जागी महिनाभर टिकून दाखवा. मग येते नांदायला. नाही टिकलात, तर माझं तोंड दिसायचं नाही." हैबती हमसून हमसून रडला. शेवंतावर त्याचा भारी जीव.

आठवी नोकरी मिळाली अप्पासाहेबांच्या बंगल्यावर. त्यांच्या लेकानं शहरातून दोन नारिंगी साप आणले होते. कॉर्न स्नेक म्हणे. विष नाही, पण तोरा मोठा. लेकाची हौस आठ दिवसांत फिटली. लेक गेला शहरात, साप राहिले बापाच्या गळ्यात. पेटीत हात घालायला गावात कुणी तयार होईना. हैबती झाला. भ्यायलासुद्धा थोडी अक्कल लागते.

पहिल्याच दिवशी त्यानं सापांपुढं दोन वेळा भाकरी-कालवण मांडलं. वर हात जोडून म्हणाला, "लाजू नका. घरचंच समजा."

अप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, साप आहेत ते! फ्रीजमधला बारका उंदीर काढायचा, कोमट पाण्यात घालायचा, मग द्यायचा. आणि रोज नाही. वाढत्या अंगाची पिल्लं आहेत, पाच दिवसांनी एकदा. कळलं?"

"कळलं अप्पा. वाढत्या अंगाला पाच दिवसांनी एकदा."

त्याच आठवड्यात अप्पासाहेबांची गाय व्याली. हैबतीनं वासराला एकदा पाजलं आणि लांबच्या खुंट्याला बांधून टाकलं. वासरानं हंबरून हंबरून आळी डोक्यावर घेतली. अप्पासाहेब धावत आले.

"पाजलं नाहीस?"

"पाजलं की. आता शनिवारी."

"मूर्खा! ओरडतंय ते! जो ओरडतो तो भुकेला असतो. आधी त्याच्या तोंडात काहीतरी घालायचं, मग बाकीचं!"

"कळलं अप्पा. ओरडेल त्याच्या तोंडात घालायचं."

तिसऱ्या आठवड्यात गावात एक पुढारी आले. निवडणूक होती, एरवी कशाला येतील? अप्पासाहेबांनीच मांडव घातला होता. पुढारी माइक धरून गरजू लागले. मुठी आवळून, गळ्याच्या शिरा ताणून. हैबतीला राहवेना. एवढा मोठा माणूस, आणि उपाशी! तो स्टेजवर चढला आणि पुढाऱ्याच्या उघड्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "पोरानं दुखणं बरोबर ओळखलं. पण ह्याला एका लाडवानं काय व्हायचंय?"

अप्पासाहेबांनी हैबतीला तिथंच हाकललं असतं, पण दुसऱ्या दिवशी सापांच्या जेवणाची पाळी होती. दात-ओठ खाऊन ते म्हणाले, "आजपासून तू फक्त सापांकडं बघायचं. खाल्लं की दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतात. आणि डोळे दुधाळ दिसले, की कात टाकायची वेळ आली समज. मग कात टाकेपर्यंत खायला नाही. अंधारात, ओलसर जागी ठेवायचं. माणसांच्या भानगडीत पडू नकोस!"

"कळलं अप्पा."

चारच दिवसांनी अप्पासाहेब पुरणपोळ्या हाणून मागल्या दारी हात धुवायला गेले. पाय घसरला आणि शेणाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत रुतले.

"हैबत्या, हात दे!"

हैबती दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा. "जेवलात ना अप्पा?"

"हो रे बाबा! हात दे!"

"किती खाल्ल्या?"

"पाच! हात दे म्हणतो ना!"

"मग परवा देतो. आज धरलं तर ओकाल."

शेवटी शेजाऱ्यांनी दोर टाकून अप्पासाहेबांना वर ओढलं. ते एवढंच बोलले, "लेक रविवारी साप न्यायला येतोय. तोवर राहा, मग तोंड काळं कर." हैबती खूश झाला. रविवारी त्याचा महिना भरत होता.

शेवंता शब्दाला जागली. रविवारी सकाळीच घरी आली. सोबत तिची आई. म्हातारीला मोतीबिंदू, पण लेकीचा संसार पुन्हा लागलेला बघायची भारी हौस. लेकीचा हात धरून, ठेचकाळत आली बिचारी.

शेवंता लाजून म्हणाली, "टिकलात की हो! आता आईला जेवायला वाढा. पहाटेपासून उपाशी आहे. मी तेवढं पाणी आणते."

हैबतीनं ताट वाढलं. ताट पुढं ठेवणार, तेवढ्यात त्याची नजर सासूच्या डोळ्यांवर पडली. दोन्ही डोळे दुधाळ! त्यानं ताट चटकन मागं ओढलं.

शेवंता घागर घेऊन परतली, तर ताट शिंकाळ्यावर आणि आई गायब.

"आई कुठाय?"

"लाकडांच्या खोलीत. ओल्या गोणपाटात नीट गुंडाळलंय, वरून कडी घातलीय. तू काळजी करू नकोस."

आतून म्हातारी दार बडवत होती. "शेवंते, धाव गं! जावयानं मला जिती पुरली!"

ओरडेल त्याच्या तोंडात घालायचं, हे हैबतीला आठवत होतं. पण दुधाळ डोळ्यांचं सांगणं नंतरचं. नंतरचं सांगणं खरं धरायचं, एवढी अक्कल त्याला होती.

शेवंतानं कडी काढली. आईला गोणपाटातून सोडवलं. बोचकं काखोटीला मारलं आणि तडक एसटीचा थांबा गाठला. हैबती मागं मागं. "अगं शेवंते, महिना भरला की! मी टिकलो की गं!"

तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. दोघी चढल्या, एसटी सुटली. हैबतीचे डोळे भरून आले. पण सासूची उपासमार त्याला बघवेना. तो एसटीमागं जीव खाऊन धावला आणि खिडकीकडं बघून ओरडला,

"मामींनी कात टाकली की लगेच कळव गं! मी उंदीर कोमट पाण्यात घालूनच ठेवतो!"