केवडागड का ढासळला

एका राज्यात, जिथे डोंगरसुद्धा माणसांचं बोलणं कान देऊन ऐकत, केवडागड नावाचा किल्ला होता. आता किल्ला म्हणायचं ते आपलं सवयीनं. बुरूज ढासळलेले, तटाला भगदाडं, आणि आत शंभर माणसं दगड होऊन उभी. सात वर्षं रोज थोडे थोडे चिरे निखळत होते. शेवटचा चिरा येत्या पुनवेला पडेल आणि दगडाच्या माणसांची माती होईल, असं राजज्योतिषी सांगून मोकळा झाला होता.

त्या शंभरांत किल्लेदार रायाजी होता. त्याची बायको कनकाई माहेरी गेली होती, म्हणून तेवढी वाचली. पण वाचली म्हणून लोक काय गप्प बसतात? नवरा दगड झाला आणि हिला बरं काही झालं नाही, म्हणायचे. पुनवेच्या सकाळी तिनं पदर खोचला. गड कशानं ढासळला ते शोधीन, नवऱ्याला सोडवीन, आणि वाटेत भेटेल त्याच्या शब्दावर सहजी भुलणार नाही, असं ठरवून ती चढू लागली.

पायथ्याशी साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "शत्रूच्या मांत्रिकानं केलं हे. नथ दे, उतारा सांगते."

"मांत्रिकाचं नाव काय?"

साळुंकी चोचीनं पंख साफ करू लागली. कनकाईनं नथ काढली नाही.

अर्ध्या वाटेवर मोहरांच्या हंड्यावर नाग होता. तो म्हणाला, "हा हंडा शापित आहे. उचलून ने, गड सुटेल."

"मी उचलला, तर आपण काय राखाल?"

नागानं फणा खाली घातला. मग खरं सांगितलं, की हंडा उचलणाऱ्यालाच नाग होऊन त्यावर बसावं लागतं. कनकाई वळसा घालून वर गेली.

गडाचा दरवाजा तेवढा शाबूत होता. तो बोलला, "मला घडवणारा जादूगार होता. निघणारा माझ्यातून बाहेर पडताना जे बोलेल ते खरं धरायचं, अशी त्याची आज्ञा. बाई, तू निघताना काय म्हणालीस?"

कनकाईला आठवलं. रायाजी पहिल्यापासून संशयी. वडील आजारी म्हणून ती निघाली, तर ह्या शहाण्यानं तिला चारचौघांत अडवलं. निरोप कोणी आणला? सोबत कोण? परत कधी? ती संतापली आणि म्हणाली, "जाते मी." घरातून निघताना असं कोणी म्हणतं का हो? भांडून निघालेलं माणूससुद्धा 'येतो' म्हणतं. घरची बाई कायमची गेली, असं दरवाजानं धरलं, आणि त्याच घटकेला गड मेला.

"मग आता?"

"आत ये, मग बाहेर पड आणि 'येते' म्हण. मात्र मनात नसताना म्हणशील, तर तुझा नवरा इथेच माती होईल."

हाही फसवत असेल? पण ह्यानं मागितलं काहीच नव्हतं. मग तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. राग अजून तसाच होता. त्या माणसाच्या घरात पुन्हा यावं असं तिला खरंच वाटत होतं का? उंबऱ्याशी उभ्या दगडी रायाजीकडे ती दुपारपर्यंत बघत बसली.

त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. मागे धावत आला असणार, आणखी काही विचारायला, दुसरं काय! तिनं जवळ जाऊन पाहिलं. त्याच्या पुढे केलेल्या हातात गाठोडं होतं. तिची विसरलेली शिदोरी होती ती.

कनकाईच्या डोळ्यांना धार लागली. ती उंबरा ओलांडून आत गेली, वळली आणि दरवाजाबाहेर पडली.

"येते हं," ती म्हणाली.

चिरे चढले, बुरूज उठले, शंभर माणसांनी श्वास घेतला.

"कनके, शिदोरी राहिली," मागून आवाज आला.

तिनं गाठोडं घेतलं. भाकरी ऊन होती. रायाजीनं तोंड उघडलं, मिटलं.

"ये," एवढंच म्हणाला.

कनकाई खालच्या झऱ्यापर्यंत गेली, भाकरी खाल्ली आणि परत आली.