गोंदाजीची चिमूट

फार वर्षांपूर्वी डोंगरापल्याडच्या ठोकेगावात तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटांची आळी होती. दिवस उगवला की चाळीस हातोडे सुरू व्हायचे, ते मावळेपर्यंत. त्या आवाजाला भिऊन आळीवरून कावळासुद्धा उडत नसे, असं म्हणतात.

तिथे गोंदाजी आणि हैबती हे दोन म्हातारे तांबट शेजारी शेजारी बसत. गोंदाजीच्या भांड्याला कधी चीर गेली नाही, आणि हैबतीच्या पोटात नेमकं तेच दुखायचं. बायका त्याचं दुकान ओलांडून गोंदाजीकडे घागर मागायला जायच्या. हैबती नुसता जळायचा.

तांबं ठोकून ठोकून कडक होतं. त्याचा आवाज बदलला की ते पुन्हा भट्टीत तापवायचं, नाहीतर फुटतं. सारी विद्या कानात. म्हणून साठी उलटल्यावर गोंदाजी ठार बहिरा झाला, तेव्हा हैबतीला आनंद झाला. थोडी लाजही वाटली, पण आनंद मोठा होता.

त्याच साली देवीच्या जत्रेचा हंडा पंचांनी गोंदाजीलाच सांगितला. हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बहिऱ्याला द्येता व्हय? म्या दुसरा घडवतो. देवीम्होरं दोन्ही ठिवा, मंग बगा."

गोंदाजी हंड्याच्या काठाला हनुवटी टेकवून ठोकू लागला. तांब्याचा सूर त्याच्या हाडांत शिरायचा. तांबं ज्या डोंगरातून निघालं, त्याचं बोलणंही त्याला समजायचं, असं म्हणतात. हैबतीचा हंडा मात्र तिसऱ्या दिवशी उभा चिरला.

"आवाज बदललाच न्हाई!" तो म्हणाला.

आवाज सकाळीच बदलला होता, सगळ्यांनी ऐकला होता. पण दुसऱ्याच्या भांड्यात तोंड घालायचं नाही, ही आळीची रीत. हैबतीही बहिरा झाला होता. जिथे सगळेच ओरडून बोलतात, तिथे त्याला ते कळलंच नव्हतं.

गोंदाजीने त्याची हनुवटी आपल्या हंड्यावर टेकवली आणि एक ठोका दिला. कित्येक वर्षांनी हैबतीला तांबं ऐकू आलं. तो रडला, आणि रडता रडता पुन्हा जळला. हेही यालाच आधी सुचावं?

मग गोंदाजीने हैबतीच्या उशीतला कापूस काढून चिमूट चिमूट तरण्या तांबटांच्या कानांत भरला.

"ठोक्यांनी आमचं गेलं त्ये गेलं. तुमचं ऱ्हाऊ द्या. हनुवटीनं ऐका."

हैबती मरेपर्यंत सांगत राहिला, कापूस माझा होता.

आजही ठोकेगावात कानांत कापूस घातल्याशिवाय कुणी हातोडा उचलत नाही. तो कापूस हैबतीच्याच घरातून येतो. देताना त्याच्या घरचे म्हणतात, "घ्या, गोंदाजीची चिमूट."