धुरपाईची मोट

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका; बोरसांगवीत दहा माणसांना विचारलं तर दहा आकडे मिळतात. एवढं खरं, की तेव्हा विहिरींवर इंजिनं नव्हती. बैल होते आणि मोट होती. मोट म्हणजे कमावलेल्या कातड्याची भली मोठी पिशवी, खाली हत्तीसारखी सोंड असलेली. बैल उताराला लागले की ती विहिरीतून भरून वर यायची आणि सोंडेतलं पाणी भळाभळा दगडी थारोळ्यात पडायचं. गावाचं पिणं, गुरांचं पिणं, मळ्यांचं भिजणं, सगळं त्या एका पिशवीवर.

ती पिशवी करायचा सटवाजी. जातीने ढोर, म्हणजे कातडी कमावणारा. गावाच्या खाली, जिथला वारा गावाकडे येत नाही अशा जागी, ओढ्याच्या काठाला त्याचं खोपट होतं. भोवती बाभळीच्या सालीचे ढीग, हिरड्याची पोती, चुन्याचं कुंड. त्याने कमावलेल्या मोटेतून बारा वर्षं थेंब गळत नाही, असं म्हणतात. पण ज्या विहिरीत त्याची मोट दिवसभर उतरायची, त्या विहिरीची पायरी चढायला सटवाजीला आणि त्याच्या सगळ्या वस्तीला मनाई होती. तहान लागली तर थारोळ्याच्या खाली बसायचं आणि ओंजळ धरायची. तसंच चालत आलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं गावात कुणाला वाटत नव्हतं.

सटवाजीला एकच लेक, धुरपा. पटकीच्या साथीत नवरा गेला आणि ती बापाकडे परत आली. साल सोलावी, हिरडा कुटावा, पाणी वाहावं, एवढं तिचं काम. कातड्याला हात लावायला गेली की सटवाजी म्हणायचा, "ते बाईमाणसाचं काम न्हाई. तू साल कूट." ती साल कुटायची.

आणि मग सटवाजी विसरू लागला.

आधी काठी विसरला. मग ओढ्यावरून घरी यायची वाट विसरला. एके सकाळी धुरपाने भाकरी पुढे ठेवली, तर तिच्याकडे बघून म्हणाला, "आये, मला कालवण नगं." धुरपा इकडेतिकडे बघायला लागली. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

त्याच साली पाऊस दगा देऊन गेला होता. होळीच्या आधीच विहीर खोल गेली, आणि एक दिवस बैल उताराला असतानाच जुनी मोट मधोमध टरकन फाटली. गावाने शेजारच्या गावांत मोट मागून पाहिली, पण त्या साली कुणाकडेच जादा मोट नव्हती. लोक घागरीला दोर लावून पाणी शेंदू लागले. माणसांचं कसंबसं भागायचं. गुरं मात्र दावणीला माना टाकून बसायची.

शिदोजी पाटील ओढ्यावर आले. नाकाला उपरणं लावून लांबच उभे राहिले.

"सटवा, मोट फाटली. नवी कधी देतोस?"

सटवाजी हसून म्हणाला, "आये आली की देतो."

पाटील गोंधळले. सटवाजीची आई जाऊन तीस वर्षं झाली होती.

"मी देते, पाटील," धुरपा म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळेना, की आपण हे काय बोललो.

पहिलं कातडं एका मेलेल्या म्हशीचं आलं. धुरपाने बापाला विचारलं, "बा, आधी काय करायचं?"

"साल," सटवाजी म्हणाला.

"आन् चुना?"

"चुना मागनं. सगळ्यात मागनं."

तिने आयुष्यभर साल कुटली होती, पण ती कातड्याला कधी घालायची आणि का घालायची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने कातडं सालीच्या पाण्यात घातलं. सहाव्या दिवशी त्याला असा वास सुटला, की ओढ्यावरच्या घारीही लांब उडाल्या. केस तसेच चिकटलेले, आणि आतून सगळं सडलेलं. तिने ते पुरून टाकलं.

दुसऱ्या कातड्याला तिने आधी चुना दिला. "बा, चुन्यात किती दिस ठिवू?"

"आंबा पिकंस्तवर."

तिने ठेवलं. आंबा पिकायच्या कितीतरी आधी कातड्याचा चिकट लगदा झाला. हात घातला तर बोटांतून ओघळून गेला.

सटवाजी खोपटाच्या सावलीत बसून काहीबाही बोलत राहायचा. "कातड्याला इचार, भूक लागली का," म्हणायचा. "त्याची पाठ चोळ, त्ये दमलंय," म्हणायचा. धुरपा सगळं करायची. ती कातड्याशेजारी बसून त्याला भूक लागली का विचारायची, आणि वरून जाणारी माणसं म्हणायची, "बापासंगं लेकपण गेली." तिला वेडेपणाची लाज नव्हती. तिचा घोळ वेगळाच होता. बा जे बोलतो त्यातलं कसब कोणतं आणि आजार कोणता, हे तिला ओळखता येईना. एक शब्द टाकून द्यावा, तर नेमका तोच खरा निघाला तर? आणि धरून बसावा, तर काय होतं ते तिने दोनदा पाहिलं होतं.

चैत्रात पाटलांचा हरण्या मेला. पंधरा वर्षं त्याच बैलाने गावाचं पाणी ओढलं होतं. पाटील स्वतः गाडीतून त्याला घेऊन आले. या वेळी त्यांनी नाकाला उपरणं लावलं नव्हतं.

"धुरपे," ते म्हणाले, "ह्ये शेवटचं. ह्याचंबी वाटोळं झालं तर गाव उठवावं लागंल."

धुरपाने कातडं ओढ्यात धुतलं आणि खडकावर पसरलं. पुढे तिचा हात उचलेना. चुन्याचं कुंड डावीकडे, सालीचं उजवीकडे, आणि ती मध्ये बसलेली. ऊन चढत होतं. उद्यापर्यंत असंच राहिलं तर कातडं हातचं जाणार, हे तिला कळत होतं. पण कुठे वळावं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात सटवाजी आला. तिच्या समोर मांडी घालून बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, "आये, मला सगळं पाठ झालंय. म्हणून दाखवू?"

धुरपा त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस ती त्याला विचारत होती, आणि तो गुरू होऊन भलतंच सांगत होता. आज तो शिकणारा होऊन बसला होता. मी आये न्हाई, असं तिच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"दाखव," ती म्हणाली.

सटवाजीने डोळे मिटले आणि भराभरा म्हणू लागला. "आधी वढ्यात धू. रगात जाईस्तवर धू. मग चुना. चुना ताकासारका पातळ. रोज खालवर कर. केसाला बोट लाव. आपसूक सुटला तर भाईर काढ, वढावा लागला तर ऱ्हाऊ दे."

"मग?"

"मग केस खरवड आन् चुना धुऊन काढ. समदा काढ. मग कातड्याची पिशवी शिव, सालीचं आन् हिरड्याचं पाणी भर, झाडाला टांग. खाली गळंल ते वरनं वत. आठ दिसांनी पिशवी उलटी कर. आन् मग..."

"मग?"

सटवाजी थांबला. त्याचे ओठ हलले, पण शब्द येईना. त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले. "आये, मारू नगं. फुडलं आठवत न्हाई."

धुरपाने त्याला जवळ ओढलं. "न्हाई मारत. लई सांगितलंस. लई छान सांगितलंस." तो लहान पोरासारखा तिच्या खांद्यावर रडला, आणि बापाच्या पाठीवर हात फिरवताना आपण लेक आहोत की आई, हे तिला कळेना.

मग ती उठली. तो म्हणाला तसंच सगळं केलं. ताकासारखा चुना. रोज खालवर. दहाव्या दिवशी केस बोटाला आपसूक आले. तिने बोथट कोयत्याने ते खरवडले, कातडं ओढ्यात पुन्हा पुन्हा धुतलं, पिशवी शिवली, सालीचं पाणी भरलं आणि करंजाच्या झाडाला टांगली. वाऱ्यावर ती पिशवी फुगायची, आणि लांबून वाटायचं, हरण्याच बिनडोक्याचा उभा आहे. भर दुपारी ती श्वास घ्यायची, असं म्हणतात.

आठ दिवसांनी तिने पिशवी उलटी केली. आता पुढे काय, ते सांगायला कुणी नव्हतं. तिने पिशवीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. पहिल्या दिवशी हेच पाणी कच्च्या जांभळासारखं तोंडाला कोरड पाडत होतं. आज ते साधं ओढ्याच्या पाण्यासारखं लागलं. तुरटपणा गेला कुठे? ती विचार करत बसली. मग बापाचं बोलणं तिला आठवलं, की कातड्याला भूक लागली का विचार. कातड्याने तर सगळं खाऊन टाकलं होतं!

तिने जुनं पाणी ओतून नवं भरलं. तेही फिकं पडलं. पुन्हा भरलं. चौथ्या वेळेला पाच दिवस झाले, सात झाले, तरी जिभेची कोरड जाईना. "भरलं पोट," ती स्वतःशीच म्हणाली. बरोबर म्हणाली की चूक, ते तिला ठाऊक नव्हतं. तरी तिने पिशवी उतरवली, उसवली, सावलीत वाळवली, करडईचं तेल चोळलं.

असा रंग त्या आधी कुणी पाहिला नव्हता, असं म्हणतात. पिकल्या गव्हावर संध्याकाळचं ऊन पडावं तसा. आणि मोटेच्या तोंडाशी तिने खिळ्याने दाबून दाबून बारीक घुंगरांची एक ओळ उमटवली. सटवाजीने असलं कधी केलं नव्हतं. कुणी विचारलं, तर म्हणाली, "हरण्याच्या गळ्यात माळ हुती. ती नगं का?"

मोट विहिरीपाशी आली आणि नवाच घोळ झाला. सटवाजी सोंडेचं माप खालूनच नजरेने घ्यायचा. धुरपा म्हणाली, "मला नजरेनं मापता येत न्हाई. वर चढून, सोंड लावूनच कापावी लागंल."

तिला वर चढू द्यावं, तर रीत मोडते. न द्यावं, तर मोट चढत नाही. कुणी म्हणालं असं करू, कुणी म्हणालं तसं करू. धुरपाने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग तिने आपले दोन्ही हात पुढे केले. ते कोपरापर्यंत बाभळीच्या सालीसारखे लाल-तपकिरी झाले होते.

"मोट ह्या हातांनी चोळली," ती म्हणाली. "मोट इहिरीत चालती, मग हात का न्हाई? मला खरंच कळत न्हाई, म्हणून इचारते."

ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. त्यामुळे कुणाला रागही येईना. शेवटी पाटलांची म्हातारी आई बयाबाई काठी आपटून म्हणाली, "माझा घसा सुकलाय. तुमचं काय ठरायचं ते मागनं ठरवा. चढ गं पोरी."

धुरपा चढली. सोंड मापून कापली, बांधली, आणि बैल उताराला लागले.

विहिरीत गुडघाभर पाणी होतं. पण मोट काठोकाठ भरून आली, आणि एक थेंबही गळला नाही. पुन्हा गेली, पुन्हा भरून आली. त्या दिवशी बैल शंभरदा चढले-उतरले तरी पाणी गुडघ्याच्या खाली गेलं नाही, असं म्हणतात. आणि भिजलेली मोट पहिल्यांदा वर आली तेव्हा ती हंबरली. हरण्याच्या जोडीचा बैल जागीच थांबला आणि मान वळवून बघू लागला. हे पाहणारी माणसं आता नाहीत. पण त्यांनी ज्यांना सांगितलं, त्यांनी आमच्या आज्यांना सांगितलं.

सटवाजी थारोळ्याच्या खाली ओंजळ धरून बसला होता. पोटभर प्यायला. मग मान वर करून त्याने ती मोट पाहिली. बराच वेळ पाहिली.

"कुणाची मोट हाय ही?"

"तुमचीच, बा," धुरपा वरून म्हणाली.

सटवाजीने मान हलवली. "न्हाई, बाई. माझी इतकी चांगली नव्हती."

तिला त्याने ओळखलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. पण कातडं ओळखण्यात त्याची चूक व्हायची नाही, हे तिला माहीत होतं. ती विहिरीच्या काठावर बसून हसली की रडली, यावर गावात अजून एकमत नाही.

विहीर शुद्ध करायची की नाही, यावर चावडीत पुष्कळ दिवस वाद चालला. वाद घालून घसा सुकला की माणसं उठून त्याच विहिरीचं पाणी पिऊन यायची. दुसऱ्या दिवशी धुरपा पुन्हा घागर घेऊन पायरी चढली. कुणी ये म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. मग तिच्या वस्तीतल्या बायका तिच्या मागोमाग चढल्या.

पुढे सटवाजी गेला. ओढ्यावर येईल त्याला धुरपा शिकवू लागली, आणि पोरींना आधी. तिच्या हातांचा रंग मरेपर्यंत उतरला नाही. ती कशी गेली, ते नीट कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं, तापाने गेली. कुणी म्हणतं, सालीचा भारा डोक्यावर घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत गेली आणि अजून चालतेच आहे. लोक तिला धुरपाई म्हणू लागले ते कधीपासून, तेही कुणाला आठवत नाही.

आता बोरसांगवीत मोटा नाहीत. तरीही दर चैत्रात वस्ती ओढ्याकाठी जमते आणि एक छोटी कातडी पिशवी कमावायला घेतली जाते. जाणती माणसं एकेक पायरी सांगतात आणि त्या वर्षी शिकायला बसलेली मुलगी ती करत जाते. धुणं, चुना, खरवडणं, शिवणं, टांगणं. आठव्या दिवशी पिशवी उलटी होते. ती "मग?" असं विचारते. तेव्हा सांगणाऱ्याने, पुढचं सगळं येत असलं तरी, खाली बघून म्हणायचं असतं, "फुडलं मला आठवत न्हाई."

मुलगी गोंधळून एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघते. मग हळूच पिशवीत बोट बुडवते आणि जिभेला लावते. कातड्याचं पोट भरलं की अजून भूक आहे, ती जे सांगेल, त्याला त्या दिवशी कुणीही बरोबर म्हणत नाही आणि चूकही म्हणत नाही.