एकदाही न नेसलेली पैठणी

एकदा एक प्रौढ बाई आपली रेशमी पैठणी उराशी धरून येवल्यातल्या एका वृद्ध विणकराच्या घरी आल्या. विणकराचे नाव तुळशीरामअण्णा. वत्सला नावाची त्यांची शिष्या तेव्हा मागावर बसलेली होती. बाईंनी साडी चटईवर उलगडली. जिथे जिथे घडी होती, तिथे तिथे रेशीम चिरत गेले होते.

"चोवीस वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच घेतली होती," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांवर लेकीचं लग्न आलंय. तिला द्यायला काढली, तर ही अशी! असलं रेशीम वापरता तुम्ही?"

"किती वेळा नेसलात?" अण्णांनी विचारले.

"एकदाही नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवली. तुम्हीच बजावलं होतंत, पाणी लागू देऊ नका, ऊन लागू देऊ नका, अत्तर शिंपडू नका. मी जिवापाड जपली."

वत्सलाला राहवेना. वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेले, वारा न लागलेले रेशीम चिरणारच, हे ती शिकली होती. ती बोलणार, तोच अण्णांनी हात जोडले.

"बाई, चूक माझी आहे."

बाईंचा राग एकदम ओसरला आणि त्यांना रडू आले. अण्णांनी साडी पुन्हा निरखली. पदर शाबूत होता. "हा सोडवून नव्या रेशमाला जोडून देतो. लग्नाच्या आधी मिळेल," ते म्हणाले.

बाई गेल्यावर वत्सला म्हणाली, "अण्णा, तुमच्या कामात काही खोट नव्हती. आता त्या गावभर सांगतील. उगाच दोष का घेतलात अंगावर?"

अण्णा म्हणाले, "उगाच नाही घेतला. मी त्यांना काय करू नका एवढंच सांगितलं होतं. नुसतं 'नको, नको' ऐकून माणूस धास्तावतो आणि वस्तू कुलपात घालतो. सुती कापडात गुंडाळा, तीन महिन्यांनी उघडून सावलीत वारा द्या, घडी बदला, हे सांगायचं राहिलं. आणि नेसा, हे तर मला सुचलंही नाही. रेशीम काय, आपण दुसरं विणू. पण ज्या वयात ती साडी आवडीनं घेतली, त्या वयात त्यांना ती नेसता आली नाही. ते वय कुठून आणून देऊ?"

पुढचे सहा दिवस दोघांनी मिळून काम केले. लेक तो पदर घेऊनच बोहल्यावर उभी राहिली.

काही वर्षांनी वत्सलाने स्वतःचा माग घातला. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी तिच्याकडून पैठणी घेतली आणि विचारले, "हिला जपायचं कसं?"

वत्सलाने सारे समजावून सांगितले, घडी बदलूनही दाखवली. मग म्हणाली, "आणि नेसा."

"हो, एखादा मोठा प्रसंग आला की नेसेन."

"प्रसंग कशाला? या रविवारी नेसा."

"रविवारी तर मी घरीच असते!"

"मग घरी नेसा," वत्सला म्हणाली.

आपल्याकडे आलेली वस्तू वापरत राहणे, हाही तिच्या जपणुकीचाच भाग आहे.