पोवळ्याचा शेजारी

कोणत्या खिंडीपलीकडची गोष्ट, हे आता नीट आठवत नाही. सांगण्यात चूकही होत असेल. पण फार पूर्वी तिबेटात पेमा नावाची म्हातारी दूरदेशी निघालेल्या लेकीसाठी मनगटात बांधायची माळ ओवत होती. दर मण्यामागे एक प्रार्थना पुटपुटत होती.

लाल पोवळ्याशेजारी तिनं एक पांढुरका मणी ओवला.

"तू कुठला रे दगड?" पोवळ्यानं विचारलं.

"दगड नाही, पोवळेबाई. हाड. पेमाच्या म्हाताऱ्या याकचं."

पोवळं किंचाळलंच. "मेलेल्याचं हाड, माझ्या अंगाला? म्हातारे, याला काढ, नाहीतर मला काढ!"

"लेक लहान असताना त्यानंच तिला पाठीवरून खिंड पार करवली," पेमा म्हणाली. "तो गेला, आपणही जाणार, हे तिच्या डोळ्यांसमोर राहू दे. तुलाच काढते." तिनं गाठ सोडायला घेतली.

"जाता जाता सांगा," हाड हळूच म्हणालं, "तुम्ही आधी कोण होता?"

"मी? मी तर रत्न..." आणि पोवळ्याला एकाएकी आठवलं: खारं पाणी, असंख्य इवली तोंडं, मग सगळं शांत. ते थिजलं.

"नको काढूस," ते कसंबसं म्हणालं आणि हाडाला टेकलं.

पोवळं म्हणजे समुद्रातल्या इवल्या जीवांचा सांगाडा, एवढ्याची मात्र मी पुढे कित्येक वर्षांनी खात्री करून घेतली.